अ‍ॅम्प्लिफायर वाकडा, तर सिग्नल आधीच उलटा वाकवा

मागच्या अंकात सिंहस्थाच्या गर्दीत मोबाईल नेटवर्क का गुदमरतं यावर लिहिताना एक वाक्य सहज टाकलं होतं, की टॉवरवरचा रेडिओ आपल्याच अ‍ॅम्प्लिफायरची खोड ओळखतो आणि सिग्नल आधीच उलट्या बाजूने बिघडवून ठेवतो. त्या एका वाक्यावर इतक्या शंका आल्या की आजचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. नावं छापत नाही, गाव नि कामधंदा तेवढा ठेवलाय.

प्रश्न : सर, मी ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला आहे. गाईडनी डिजिटल प्रीडिस्टॉर्शनवर (डीपीडी, म्हणजे तेच सिग्नल आधीच उलटा वाकवणं) प्रोजेक्ट दिलाय. जिथे बघावं तिथे गणितच. मला मुळात हेच कळत नाही की आधी बिघडवायचं, मग सुधारायचं हा उद्योग कशाला? चांगला लिनिअर (जेवढं आत, त्याच प्रमाणात बाहेर देणारा) अ‍ॅम्प्लिफायरच का नाही लावत?
— विद्यार्थिनी, गंगापूर रोड

अगं, लावता येतो की. फक्त लाइट बिल कोण भरणार ते आधी ठरव.

पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आपला पीए, फुल्ल ताणला की सगळ्यात कमी वीज वाया घालवतो आणि तिथेच तो सगळ्यात वाकडा वागतो. अर्ध्या जोरावर चालवला तर एकदम सज्जन, पण मग अर्ध्याहून जास्त वीज नुसती हीटसिंक तापवण्यात जाते. आता ४जी-५जीचा सिग्नल हा ओएफडीएम पद्धतीचा, म्हणजे शेकडो छोट्या लहरी (सबकॅरिअर) एकत्र चालणारे, कधीतरी सगळे एका वेळी वर येतात आणि सरासरीच्या १० डीबी (डेसिबल) वर, म्हणजे दहापट, शिखर मारतात. म्हणजे सरासरी ४० वॉट असेल तर क्षणभर ४०० वॉट. ते शिखर सरळ जावं म्हणून पीए १० डीबी मागे घेऊन चालवायचा म्हटलं तर क्लास बी या प्रकारच्या पीएचं कागदावरचं ७८.५ टक्के एफिशिअन्सीचं स्वप्न थेट २५ टक्क्यांवर येतं. ४० वॉट बाहेर काढायला १६० वॉट आत घाला, १२० वॉटची उष्णता काढा. तेच ४५ टक्क्यांवर चालला तर ८९ वॉटमध्ये काम होतं. हा फरक एका ट्रान्समिटरचा झाला, एका साइटवर तीन सेक्टर, प्रत्येकात चार ट्रान्समिटर धर, १२ झाले. साडेआठशे वॉटच्या आसपास नुसता फरक, चोवीस तास, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा ती उष्णता बाहेर घालवायची ती वेगळीच.

म्हणून इंडस्ट्रीने काय केलं, पीए मुद्दाम ताणूनच चालवायचा ठरवला (डोहर्टी नावाच्या इंजिनिअरची पीएची रचना त्यासाठीच वापरतात, ती १९३६ सालची आहे, ट्यूबच्या जमान्यातली, आणि अजून जिवंत आहे!) आणि जो वाकडेपणा येईल तो डिजिटलमध्ये निस्तरायचा.

वाकडेपणा दोन तऱ्हेचा असतो. आत येणारी पातळी वाढली की गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) हळूहळू कमी होतो, हा एएम-एएम. आणि पातळीबरोबर फेजही (लहर चक्रात कुठे आहे ते) सरकते, हा एएम-पीएम, जो कॉलेजात घाईघाईत उरकतात पण प्रत्यक्षात तोच जास्त छळतो. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर बघ एकदा. मधे सिग्नलचं सपाट पठार आणि दोन्ही बाजूंना खाली उतरणारे खांदे. ते खांदे म्हणजे आपला कचरा शेजाऱ्याच्या चॅनेलमध्ये. मोठ्या बेस स्टेशनला ३जीपीपी या मोबाईलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा नियम आहे की तो कचरा शेजारच्या चॅनेलमध्ये साधारण ४५ डीबी खाली राहिला पाहिजे, आणि ताणलेला पीए आपल्या मनाने ३० डीबीच्या आसपास येऊन थांबतो. मधले १५ डीबी डीपीडीने कमवायचे असतात.

कसं? धुतल्यावर आटणारं कापड ओळखणारा शिंपी माप दोन बोटं वाढवून बेततो, तसं. पीए वरच्या पातळीला गेन खातो ना, मग डिजिटलमध्ये वरच्या पातळीचे सँपल तेवढेच फुगवून पाठवायचे आणि फेज उलटी फिरवून ठेवायची. बाहेर येताना हिशोब बरोबर. फक्त पीएचा स्वभाव तापमानाने, वयाने, लोडने बदलत राहतो, त्यामुळे आउटपुटवर एक कपलर लावून थोडासा सिग्नल परत आत आणतात, काय पाठवलं आणि काय निघालं याची तुलना करत दुरुस्तीचे आकडे, म्हणजे गुणांक, सुधारत राहतात. त्या परतीच्या वाटेला ऑब्झर्व्हेशन रिसीव्हर म्हणतात. डीपीडीचा अर्धा जीव तिथे असतो आणि प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये त्याला सहसा एक पॅरेग्राफ मिळतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. पीए पूर्ण सॅच्युरेट झाला, म्हणजे आणखी कितीही घातलं तरी बाहेर जास्त काही निघतच नाही, तिथे डीपीडी काही करू शकत नाही. म्हणून त्याच्या आधी क्रेस्ट फॅक्टर रिडक्शनचा ब्लॉक असतो, तो शिखरं थोडी छाटून १० डीबीची ७-८ डीबी करतो, मग उरलेल्यावर डीपीडी. व्हायव्हात हा क्रम नक्की विचारतात.

प्रश्न : नमस्कार सर, मी टॉवर साइटवर मेंटेनन्सला आहे. पावसाळ्यात एका साइटवर आधी व्हीएसडब्ल्यूआरचा (पॉवर परत फिरत असल्याचा) अलार्म आणि पाठोपाठ डीपीडीचा अलार्म, पॉवरपण डाऊन. ऑफिसवाले म्हणतात रेडिओ बदला. जंपर (रेडिओ ते अँटेना ही छोटी केबल) नवीन टाकला तर दोन्ही गेले. केबलचा आणि डीपीडीचा काय संबंध?
— टेक्निशियन, अंबड

दादा, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत, आरआरयू (टॉवरवरची रेडिओची पेटी) खाली उतरवण्याआधी जंपर बघणं कधीही स्वस्त.

संबंध असा, की पीए ज्या लोडमध्ये पॉवर ढकलतो तो लोड बदलला की त्याचा वाकडेपणाच बदलतो. कनेक्टरमध्ये पाणी गेलं की पॉवर परत फिरते. मधे आयसोलेटर असतो तो बरीचशी अडवतो पण सगळी नाही, आणि कपलरला पुढे जाणारं नि मागे येणारं यात पूर्ण फरक करता येत नाही, त्यामुळे ऑब्झर्व्हेशन रिसीव्हरला जे ऐकू येतं ते भेसळीचं. अल्गोरिदम त्या भेसळीवर शिकतो, गुणांक कुठच्या कुठे जातात, शेवटी रेडिओ शहाणपणाने पॉवर कमी करतो नाहीतर तो ट्रान्समिटर बंद ठेवतो. चुकीचा डीपीडी हा डीपीडी नसण्यापेक्षा वाईट, कारण तो नसलेली घाण स्वतः तयार करतो.

जुना कनेक्टर उघडून बघितलात का? पाणी गेलेलं असेल तर आतली पिन काळपट-हिरवी दिसते आणि रबर रिंग एका बाजूला चेपलेली असते, बहुतेक वेळा टॉर्क रेंच न लावता हाताने आवळल्यामुळे. ७/१६ डिन या कनेक्टरला २५ ते ३० न्यूटन मीटर लागतो, हाताचा अंदाज तिथे चालत नाही. आणि टेप खालून वर गुंडाळायची, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो, नाहीतर पावसाचं पाणी आपणच आत नेऊन सोडतो.

अजून एक, जे तुम्ही विचारलं नाही पण साइटवर हमखास घोळ होतो. पीआयएम (पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन) वेगळा, तो डीपीडीने जात नाही. गंजलेला बोल्ट, सैल क्लॅम्प, खराब कनेक्टर हे स्वतःच डायोडसारखे वागून दोन कॅरिअर मिसळतात. ९०० च्या बँडमध्ये ९३५ आणि ९६० मेगाहर्ट्झ एकत्र गेले तर दोनदा ९३५ वजा ९६० म्हणजे ९१० मेगाहर्ट्झ, आणि ८९० ते ९१५ हा तर अपलिंक (फोनकडून टॉवरकडे येणारा पट्टा), म्हणजे बरोबर स्वतःच्याच कानात. हे सगळं कपलरच्या आणि फिल्टरच्या पुढे घडतं, डीपीडीला ते दिसतच नाही. तिथे फडकं, ब्रश आणि टॉर्क रेंच.

प्रश्न : मी वयाची सत्तरी ओलांडलेला आकाशवाणीचा नियमित श्रोता. आमच्या नाशिक केंद्राच्या १०१.४ च्या एफएमला हे सगळं लागतं काय? इतकी वर्षं तर काही न करता स्वच्छ ऐकू येतंय.
— निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक रोड

काका, नाही लागत. एफएममध्ये माहिती सगळी फ्रिक्वेन्सीच्या हलण्यात असते, सिग्नलची उंची कायम एकसारखी. उंचीच बदलत नसेल तर पीए उंचीला काय वाकवणार? म्हणून एफएमचा पीए बिनधास्त ताणून, क्लास सी या वाकड्या पण काटकसरी पद्धतीत चालवता येतो. जुना २जी पण त्याच कुळातला, जीएसएमची जीएमएसके पद्धत उंची स्थिर ठेवते. घोळ सुरू झाला तो एका हर्ट्झमध्ये जास्तीत जास्त बिट कोंबायची हाव सुटल्यावर. आकाशवाणीनेही मीडियम वेव्हवर डीआरएम ही डिजिटल पद्धत आणलीय ना, ते ओएफडीएमच, तिथे मात्र ट्रान्समिटरला पूर्वदुरुस्ती, म्हणजे हेच उलटं वाकवणं, करावीच लागते.

प्रश्न : हे उलटं वाकवायचं डोकं कुणाचं? आणि आम्ही मुलांना निगेटिव्ह फीडबॅक शिकवतो, आउटपुट परत आणून वजा करायचं की डिस्टॉर्शन कमी. मग टॉवरमध्ये तेच का करत नाहीत?
— पॉलिटेक्निकमधले शिक्षक, सिन्नर

सर, दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे, तुमच्या वर्गात नक्की घ्या.

निगेटिव्ह फीडबॅक हॅरोल्ड ब्लॅकचा, बेल लॅब्जमधला इंजिनिअर. २ ऑगस्ट १९२७ ला सकाळी कामावर जाताना हडसन नदीवरच्या फेरीबोटीत त्याला ते सुचलं आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने आकृती काढली. (आपल्याकडे पेपर एवढा जाहिरातींनी भरलेला असतो की लिहायला कोपरा मिळायचा नाही.) त्याच्याही आधी त्याने फीडफॉरवर्ड शोधून ठेवलं होतं, चूक वेगळी काढून शेवटी वजा करायची. मजा म्हणजे ही दोन्ही डोकी टेलिफोनच्या लांब लाइनवर वाटेत सिग्नल पुन्हा मोठा करणाऱ्या रिपीटरसाठी चालवलेली होती. डिजिटल रेडिओसाठी पूर्वदुरुस्ती स्वतः शिकत राहील अशी पद्धत सालेह आणि साल्झ यांनी १९८३ मध्ये बेल सिस्टिमच्या जर्नलमध्ये मांडली.

आता फीडबॅक का नाही. फीडबॅकला आउटपुट त्याच क्षणी परत यावं लागतं. ऑडिओत उशीर नगण्य. पण १०० मेगाहर्ट्झ रुंद ५जी सिग्नल घ्या, तो १० नॅनोसेकंदात पार बदलून जातो, आणि पीएच्या आधीचा ड्रायव्हर, पीए, कपलर, बोर्डवरच्या ट्रेसेस मिळून तेवढाच किंवा जास्त उशीर होतो. म्हणजे दुरुस्ती पोचेपर्यंत चूक निघून गेलेली, वर लूप ओरडायला लागतो, ऑसिलेट होतो. डीपीडीतही परतीची वाट आहे, पण ती क्षणाची चूक दुरुस्त करत नाही, ती स्वभाव शिकते. सँपल धरून ठेवा, आरामात गणित करा, मिलिसेकंदांनी किंवा सेकंदांनी गुणांक बदला, चालतं. दुरुस्ती स्वतः पुढच्या दिशेनेच होते, त्यामुळे ऑसिलेशनचा प्रश्नच नाही. मुलांना फळ्यावर ही दोन चित्रं शेजारी शेजारी काढून दाखवा.

प्रश्न : आमचं साउंडचं काम आहे. मंडळवाले सगळे नॉब फुल्ल करून ठेवतात आणि आवाज फाटला की आम्हाला बोलतात. असलं काही सॉफ्टवेअर आमच्या अ‍ॅम्पला बसेल का?
— साउंड सिस्टिमवाले, पंचवटी

भाऊ, नॉब फुल्ल म्हणजे सॅच्युरेशन, वर लिहिलंय तसं तिथे कुणाचंच काही चालत नाही. डीएसपीतला (साउंडच्या डिजिटल प्रोसेसरमधला) लिमिटर लावा आणि त्याला पासवर्ड टाका.

प्रश्न : सिंहस्थात गाडीवरचे तात्पुरते टॉवर येतील म्हणतात. ते पण असेच असतात का, की कामचलाऊ?
— पूजासाहित्य विक्रेते, रामकुंड परिसर

रेडिओ तोच, खाली पाया गाडीचा एवढंच. उलट गर्दीत याची गरज जास्त. जागा थोडी आणि माणसं फार, तेव्हा २५६ क्वाम ही खूप बिट कोंबणारी पद्धत वापरून दाटीवाटीने बिट पाठवावे लागतात आणि त्याला सिग्नलमधली चूक, ईव्हीएम, ३.५ टक्क्यांच्या आत लागते. क्यूपीएसके या साध्या, विरळ पद्धतीला १७.५ टक्के चालते, त्यावरून अंदाज घ्या. आणि टॉवरवरच्या ५जीच्या चौकोनी अँटेना-पेटीत ६४ छोटे पीए असतात, एकूण ३२० वॉटची पेटी धरली तर प्रत्येकी ५ वॉट. आता ६४ डीपीडी चालवायचे आणि प्रत्येकाने वॉट-वॉट वीज खाल्ली तर वाचवलं काय? त्यामुळे तिथे गणित काटकसरीने करतात, कमी गुणांक, स्वस्त मॉडेल. मोबाईल वापराचा ताण सेकंदासेकंदाला बदलतो हा दुसरा ताप. हल्लीच्या गॅलियम नायट्राइड पीएला तर मघाशी जोरात चाललो होतो याची आठवण राहते, गर्दी ओसरली तरी काही काळ तो वेगळाच वागतो.

प्रश्न : सर, मी पायथनमध्ये मेमरी पॉलिनॉमिअल (मागचे सँपलही धरून पीएचं वागणं मांडणारं समीकरण) लिहिलं, सिम्युलेशनमध्ये खांदे २५ डीबी खाली गेले. मग प्लूटो एसडीआर या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या छोट्या रेडिओवर पीए जोडून खरं करून बघितलं तर जेमतेम ३ डीबी सुधारणा, आणि कधी कधी अजून बिघडतं. कोड तोच आहे. पीए खराब आहे का?
— एमईचा विद्यार्थी, कॉलेज रोड

अरे बाबा, पीएला बिचाऱ्याला कशाला दोष देतोस. सिम्युलेशनमध्ये तू वरच्याच सालेहचं पीएचं गणिती मॉडेल घेतलं असशील, सगळे घेतात. ते १९८१ चं, सॅटेलाइटवरच्या ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबसाठी केलेलं आहे आणि त्यात मेमरी नाही. तुझा ट्रान्झिस्टर त्याला ओळखतसुद्धा नाही.

तर पहिल्यांदा टायमिंग बघ. तुझी जवळजवळ सगळी गडबड इथेच असणार. पाठवलेला आणि परत आलेला सिग्नल एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. सेकंदाला ६१.४४ मेगासँपल घेतले तर एक सँपल म्हणजे १६.३ नॅनोसेकंद, क्रॉस-कोरिलेशनने पूर्ण सँपल जुळतील पण उरलेला अर्धा-पाव सँपल तसाच राहतो, आणि तो उशीर तुझं मॉडेल वाकडेपणा समजून दुरुस्त करायला जातं. दोन्हीचा एफएफटी (फ्रिक्वेन्सीनुसार फोड) घे, फेजच्या फरकाला सरळ रेषा बसव, तिच्या उतारावरून अपूर्णांकातला उशीर निघतो, तेवढा काढून टाक. जुळलं की नाही ते एएम-एएमचा स्कॅटर प्लॉट काढून बघ. जुळलं नसेल तर ठिपक्यांचा ढग दिसतो, जुळलं की अचानक बारीक शेपटीसारखी रेघ उमटते आणि तिचं वरचं टोक खाली झुकलेलं असतं. ती रेघ दिसेपर्यंत डीपीडीचा कोड चालवूच नकोस.

मग बँडविड्थ. वाकडेपणाने सिग्नल पसरतो, तिसऱ्या क्रमाने तिप्पट, पाचव्याने पाचपट, आणि ते सगळं पाठवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही पुरलं पाहिजे. प्लूटोचा अधिकृत अ‍ॅनालॉग पट्टा २० मेगाहर्ट्झ. तू जर २० मेगाहर्ट्झचाच सिग्नल पाठवत असशील तर तुझे खांदे फिल्टरमध्येच कापले जातायत आणि अल्गोरिदमला वाटतंय सगळं छान आहे. ३ किंवा ४ मेगाहर्ट्झचा सिग्नल घे. यूएसबी २ वरून सलग ६१.४४ येणार नाही, पण ट्रान्समिट सायक्लिक बफरमध्ये टाकून रिसीव्हला छोटा तुकडा धरलास तर काम होतं, तुला सलग नकोच आहे.

तिसरं, रिसीव्हरची स्वतःची पापं. एजीसी (आपोआप गेन बदलणारी सोय) बंद कर, मॅन्युअल गेन ठेव, नाहीतर प्रत्येक कॅप्चरला गेन बदलणार. आय आणि क्यू या सिग्नलच्या दोन भागांमधला असमतोल बघ, १ टक्का गेनची आणि १ अंश फेजची चूक असली तरी सिग्नलची आरशातली प्रतिमा ४० डीबीपेक्षा खाली जाऊ शकत नाही, आणि मधला कॅरिअर लीकेज वेगळा. हे दोन्ही पीएचे दोष नाहीत, साधा पॉलिनॉमिअल त्यांना सुधारू शकत नाही, उलट त्यांच्या नादात भलतीकडे जातो. आधी असमतोल नि तो लीकेज (डीसी) वेगळे काढ.

गुणांकांचा हव्यासही सोड. विषम क्रम १, ३, ५, ७ आणि चार उशीर, १६ गुणांक, सुरुवातीला एवढेच. क्रम ११ आणि उशीर १० केलेस तर मॅट्रिक्स इतकी अस्थिर होते की लीस्ट स्क्वेअर्स (गुणांक काढायची पद्धत) नॉइजच शिकतं, तुझं 'कधी कधी अजून बिघडतं' ते बहुतेक हेच. थोडं रेग्युलरायझेशन (गुणांकांना लगाम) टाक. आणि प्रीडिस्टॉर्ट केल्यावर सरासरी पॉवर तपासून परत पहिल्याइतकी कर, कारण शिखरं फुगवल्यामुळे किंवा नॉर्मलाइझ करताना पातळी बदलली तर तू आधीच्या पीएची तुलना वेगळ्याच पीएशी करतोयस. नुसती पॉवर १ डीबी कमी झाली तरी तिसऱ्या क्रमाचा कचरा सिग्नलच्या मानाने २ डीबी खाली जातो, त्याला डीपीडीचं यश म्हणून पेपरात छापू नकोस.

शेवटचं म्हणजे रिसीव्हर जाळू नकोस. त्याच्या इनपुटला कमाल २.५ डीबीएम (१ मिलिवॉटच्या मानाने डीबी) झेपतं. १ वॉटचा पीए म्हणजे ३० डीबीएम, शिखरं त्याच्याही वर, मधे ४० डीबीचा, नीट वॉटेजचा अटेन्युएटर पाहिजेच. अँटेना लावू नकोस, केबलवरच कर. लायसन्सशिवाय हवेत सोडायला परवानगीही नाही आणि शेजाऱ्याच्या फोनला त्रास वेगळा.

प्रश्न : ओम (हॅम लोकांची एकमेकांना हाक), मी हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला आहे, ४० मीटरवर एसएसबीने (आवाज पाठवायची पद्धत) बोलतो. लिनिअर (पॉवर वाढवणारा पीए) लावला की मित्र म्हणतात स्प्लॅटर, म्हणजे शेजारी कचरा, येतोय. हौशी माणसाला हे जमण्यासारखं आहे का?
— हॅम, ओझर

जमतं, आणि पुष्कळ हॅम करतात. ओपनएचपीएसडीआर या हौशी सॉफ्टवेअर-रेडिओ कुळातल्या रेडिओंना प्युअरसिग्नल नावाची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे, हर्मिस लाइट २ सारख्या किफायतशीर बोर्डवरही चालते. तुम्हाला फक्त लिनिअरच्या आउटपुटवर एक सँपलर बसवून ती लहान केबल रेडिओत परत आणायची. इंटरमॉड (वाकडेपणाचा कचरा) -३० डीबीच्या आसपास असेल तर -५० पर्यंत जाताना दिसतं. ३ किलोहर्ट्झच्या आवाजाला बँडविड्थची चिंताच नाही, त्यामुळे टॉवरवाल्यांचं निम्मं दुखणं तुम्हाला नाहीच. एएलसी (पातळी आपोआप आवरणारी सोय) मात्र मधे येऊ देऊ नका, तो गेन हलवतो आणि शिकलेलं सगळं मोडतो. पण त्याच्याही आधी लिनिअरचा बायस करंट मोजा आणि ड्राइव्ह थोडा कमी करून मित्राला परत विचारा, खर्च शून्य. सीडब्ल्यूच (मोर्स) जास्त करत असाल तर सँपलरच्या भानगडीत पडू नका, त्या पैशात बरा कोअॅक्स घ्या.